वय शून्य

पत्र आलं तेव्हा मी खिडकीशी बसून ह्यांच्या पायजम्यात नाडी ओवत होते. हात गुंतलेले होते म्हणून म्हटलं, "बघा हो, कुणाचं आहे." ह्यांनी चष्मा शोधला, पाकीट फोडलं, उभ्या उभ्याच वाचलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"कुणाचं?"

"दफनभूमीच्या कचेरीचं."

"अगं बाई! कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," असं म्हणून हे पाणी प्यायला आत गेले. नळ सुरू झाला, भांडं भरलं, तरी बंद होईना. मग मी नाडी दातात धरूनच उठले आणि कागद उलटा केला. दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत नवं गटार जाणार होतं. तिथला लहान मुलांचा कोपरा त्यासाठी मोकळा करायचा होता आणि सगळ्या मुलांना पुढे मोठ्या झाडापाशी एकाच जागी ठेवायचं ठरलं होतं. नातेवाइकांना हजर राहायचं असेल तर गुरुवारी सकाळी दहाला यावं. हा मजकूर छापलेला होता. खाली काही रकाने होते, ते कुणीतरी हाताने भरले होते. क्रमांक दोनशे बारा. नाव, आणि पुढे एक आडवी रेघ. पुरुष. वय, आणि पुढे शून्य.

ते शून्य मी बराच वेळ बघत राहिले. लिहिणाऱ्याने ते सावकाश, गोल काढलं होतं, सुरुवातीला शेवट नीट जुळवला होता. चूक काहीच नव्हती. जो सकाळी नऊला जन्मला आणि दुपारी चारला गेला त्याचं वय कारकून दुसरं काय लिहिणार? पण माझ्या लेखी तो सेहेचाळीस वर्षांचा होता. शाळेच्या गणवेशाच्या दुकानात मी एकतीस वर्षं कापड बेतलं. सहाव्या वर्षाला चोवीसचा शर्ट, आठव्याला सव्वीसचा. आया पोरांना दंडाला धरून पुढे ढकलायच्या आणि म्हणायच्या, "वाढत्या अंगाचा बेता हो, दोन वर्षं तरी गेला पाहिजे." मी त्याच्यासाठी कधी काही शिवलं नाही. तसला वेडेपणा अंगात नव्हता, आणि असता तरी दुकानाच्या मालकीणबाईंनी तो चालू दिला नसता. पण एखादं माप कापताना कात्री जराशी थांबायची. वाटायचं, यंदा ह्याला हे येईल. असा तो माझ्या टेबलाच्या कडेकडेने वाढला. अर्ध्या चड्डीतून पँटमध्ये आला, खांद्यात भरला, मनगटं बाह्यांतून बाहेर यायला लागली. सतराव्या वर्षी आमच्या दुकानातली मापंच संपली. त्यापुढची मुलं कपडे कुठून घेतात, त्यांची छाती किती भरते, पोट कधी सुटतं, मला काही अंदाज येईना, आणि तो होता तिथेच उभा राहिला. वर्षं मी मोजत होते, अंग वाढत नव्हतं. अलीकडे मनात यायचं की ह्याचे केस आता पिकायला लागले असतील. पण ते पांढरे केस मी त्या सतरा वर्षांच्या मानेवर ठेवून बघायची आणि ते काही केल्या बसायचे नाहीत.

चेहरा मात्र मला माहीत होता. पाहिला नव्हता, पण माहीत होता. तो झाला तेव्हा माझं रक्त थांबेना. मला आत नेलं, आणि पुरती शुद्धीवर आले तेव्हा तिसरा दिवस होता. खिडकीत ऊन होतं, पलंगाशी हे उभे होते, दाढी वाढलेली, अंगात कामावरचा निळा शर्ट. पाळणा नव्हता. नर्स येऊन छातीला पट्टा बांधून गेली, दूध आटावं म्हणून, तेव्हा सगळं कळलं. त्या काळी असं मूल आईला दाखवत नसत. न पाहिलेलं लवकर विसरतं, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंचं मत होतं. त्या पुष्कळ शिकलेल्या होत्या. संध्याकाळी मी ह्यांना एवढंच विचारलं, "कसा होता?" हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "नाक तुझ्यासारखं होतं." झालं. सेहेचाळीस वर्षांत त्या मुलाबद्दल आमच्यात तेवढंच एक वाक्य झालं. माझं नाक काही कौतुकाचं नाही. मधोमध उंचवटा आहे, आणि धाकटी बहीण मला लहानपणी चोचबाई म्हणायची. पण त्या संध्याकाळपासून मी नाकाला नावं ठेवायची सोडली. पुढे तीन वर्षांनी मुलगी झाली. तिने ह्यांचं चपटं नाक घेतलं आणि मला उगाचच हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, ते त्याचं एकट्याचंच राहिलं.

स्वर्गाचं मी तेव्हापासून पुष्कळ ऐकलं. आमच्या चर्चचे आधीचे म्हातारे पाळक भेटायला आले तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "देवाच्या बागेत एक फूल कमी होतं, बाई." मी तोंडदेखली मान हलवली, पण मनात आलं, एवढी मोठी बाग, आणि फूल कमी पडलं ते नेमकं माझ्याच कुंडीतलं? मंडळीतल्या एका बाईंनी देवळाच्या पायरीवर हळूच विचारलं, "बाप्तिस्मा झाला नव्हता ना गं?" त्या वाईट नव्हत्या. घरी येऊन त्यांनी दोन दिवस माझा स्वयंपाकही केला. पण बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही असं तेव्हा म्हणत, म्हणून त्यांचा तो प्रश्न माझ्या पायात काट्यासारखा मोडून राहिला, आणि मी कितीतरी वर्षं त्या पायरीवर जपून पाऊल टाकायची. कुणी म्हणे तिथे सोन्याचे रस्ते आहेत, कुणी म्हणे नुसतं गाणं, अखंड. गाण्याचं मला फारसं सुख नाही. माझा स्वर्ग दवाखान्यासारखा होता. खरंच. लांबलचक स्वच्छ दालन, भिंतीला लागून बाकं, आणि भेटीची वेळ कधीच न संपणारी. मी दारातून आत शिरणार, बाकांवर खूप मुलगे बसलेले असणार, आणि मी एकेकाचं नाक बघत पुढे जाणार. तो मला ओळखणार नाही, कारण त्यानेही मला पाहिलेलं नाही. म्हणून ओळखायचं काम माझं. माझ्याकडे खूण होती.

ह्यांना मी म्हटलं, "गुरुवारी जायचं ना?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"सेहेचाळीस वर्षं झाली. तिथली माती ओली आहे. काही नसणार तिथे."

"तुम्हाला काय माहीत, माती ओली आहे ते?"

हे चष्मा पुसायला लागले. लेकीला फोन केला, तर ती लांबच्या गावाहून तिच्या घाईच्या आवाजात म्हणाली, "आई, बाबांचे गुडघे बघ, तुझं बीपी बघ. आणि आता कशाला ते उकरून काढायचं?" मग तिच्याच लक्षात आलं आपण काय शब्द वापरला ते, आणि बिचारी रडायला लागली. मीच तिची समजूत घातली.

शनिवारी दुपारी नवे पाळक आले. तिशीचा माणूस, आमच्या मंडळीत येऊन वर्ष होत होतं. शर्टाची वरून तिसरी गुंडी वेगळ्याच दोऱ्याने लावलेली, म्हणजे स्वतःच लावलेली. गुरुवारी तिथे प्रार्थना त्यांनाच करायची होती, म्हणून ते घरोघर विचारत फिरत होते. बावीस घरं होती, त्यातली बरीच सापडलीच नव्हती. हे नेहमीसारखे कोपऱ्यातल्या खुर्चीत रेडिओचं मागचं झाकण उघडून बसले होते. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्तीच्या दिवशी ह्यांचे साहेब म्हणाले होते, "ह्या माणसाने अख्खं गाव वर चढवलं आणि स्वतः जन्मभर खड्ड्यात उभा राहिला." सगळे हसले होते, हेसुद्धा. हातात काम असलं की हे खोलीत असून नसायचे, आणि कधी कधी मला वाटायचं की त्या दवाखान्यातून हे परतलेच नाहीत, नुसता निळा शर्ट घरी आला.

"काकू, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," पाळक म्हणाले. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "माझ्याकडे उत्तर असेलच असं नाही."

उत्तर असेलच असं नाही म्हणणारा पाळक मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणून विचारलं. "तो देवदूत झाला असेल का?"

"नाही हो. देवदूत वेगळे. माणूस मेला की त्याचा देवदूत होत नाही, माणूस माणूसच राहतो. तो आता प्रभूजवळ आहे, सुखात आहे. पण ते काही शेवटचं ठिकाण नाही."

"मग शेवटचं कुठलं?"

"इथलंच." त्यांनी कप खाली ठेवला आणि बोटाने जमीन दाखवली. "म्हणजे, हीच पृथ्वी नवी होणार. आपण सारखं वर जायचं, वर जायचं म्हणतो. पण शेवटी देवच खाली येणार आहे, माणसांत राहायला. मेलेले उठणार. भूत होऊन नाही, चांगले हाडामांसाचे. प्रभू उठले तेव्हा त्यांनी शिष्यांसमोर मासा खाल्ला, तसे."

कोपऱ्यातून हे अचानक म्हणाले, "म्हणजे लिफ्ट खाली येणार."

पाळक खुदकन हसले. "अगदी तसंच, काका!"

हेही हसले. मला ते हसू कितीतरी दिवसांनी दिसलं, आणि त्या भरात मी बोलून गेले. "बाप्तिस्मा नव्हता झालेला त्याचा. नावही नाही. तिथे कागदावर रेघ आहे नुसती."

"काकू, देव काही कचेरीचं रजिस्टर उघडून हाक मारत नाही. लहान लेकरांना त्याने कधी दारात अडवल्याचं मी तरी वाचलेलं नाही."

"आणि वय?" मी विचारलं. "उठेल तेव्हा केवढा असेल? त्या दिवसाचा, का आत्ताचा?"

पाळकांनी खिडकीबाहेर बघितलं. "जुनी माणसं म्हणायची की सगळे तिशीतले होऊन उठतील. म्हातारेही आणि बाळंही. भरल्या अंगाचे, काही कमी नाही, काही झिजलेलं नाही. पण तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला ठाऊक नाही."

तिशीतले! म्हणजे मी तिशीची आणि तोही तिशीचा. आम्ही दोघं एका वयाचे, समोरासमोर. आईपेक्षा लहान नसलेला मुलगा. मला ते विचित्र वाटलं, आणि थोडं हसूही आलं. म्हटलं, "मग मी कशी ओळखणार? पण ओळखेन हो. त्याचं नाक माझ्यासारखं आहे. ह्यांनी पाहिलंय."

कोपऱ्यात स्क्रू पडल्याचा आवाज झाला. हे वाकून शोधू लागले. शोधताना खुर्ची सरकली, रेडिओ कलंडला, आणि हे सगळं तसंच टाकून आत निघून गेले. पुन्हा तो नळ.

पाळक गेल्यावर मी आत गेले. हे ओट्याला टेकून उभे होते. पाण्याचं भांडं भरून वाहत होतं. मी नळ बंद केला.

"मी पाहिलं नव्हतं," हे म्हणाले.

"काय?"

"त्याला. मी त्याला पाहिलंच नाही. पेटी बंद करूनच हातात दिली. एवढीशी. झाकणाला चार खिळे होते. नर्स म्हणाली, बघायचंय का, शिपायाकडून पक्कड आणवते." ह्यांचा हात खिशाशी गेला. "पक्कड माझ्या खिशातच होती. मी नको म्हटलं."

"आणि नाक?"

"तू विचारलंस, कसा होता. काहीतरी सांगायला पाहिजे होतं ना. तू सगळी सुजली होतीस. डोळे सुजलेले, ओठ सुजलेले. तुझं म्हणून ओळखू येईल असं एक नाकच राहिलं होतं. ते दिसलं, ते बोललो."

बाहेर येऊन ह्यांचा स्क्रू शोधला, टेबलाच्या पायाशीच होता, आणि तो रेडिओजवळ ठेवला. मग पलंगावर बसले. आता वाटतं, तेव्हाच ओरडायला हवं होतं, काहीतरी फोडायला हवं होतं. पण आतून काही येतच नव्हतं. त्या दालनातले मुलगे तेवढे दिसत होते, बाकांवर ओळीने बसलेले, आणि एकालाही चेहरा नव्हता. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि हातात काहीच नव्हतं. सेहेचाळीस वर्षं मी माझंच नाक कापून त्या मुलाला चिकटवलं होतं. प्रार्थनेत डोळे मिटून मी ज्याला बघत होते ती मीच होते. तीन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढत होते, गोळ्या काढून ठेवत होते, तेवढंच. हेही बोलायला आले नाहीत. दोन वेळा माझ्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले. रागात एक विचार सारखा यायचा, आणि त्याचीच मला भीती वाटायची. स्वर्गात लग्न नसतं म्हणतात, कुणी कुणाचा नवरा नाही, कुणी कुणाची बायको नाही. आजवर हे ऐकून वाईट वाटायचं. ह्या वेळी वाटलं, बरं आहे. मग त्या बरं वाटण्यानेच रडू फुटलं.

त्यात रविवार येऊन गेला. मी एकटीच देवळात गेले. उपासना संपल्यावर पाळक दारात सगळ्यांचे हात हातात घेत होते. माझ्यामागे माणसं होती, तरी मी थांबले. "स्वर्गात देव डोळ्यांतलं पाणी पुसणार म्हणतात ना," मी म्हटलं. "पुसणार म्हणजे विसरायला लावणार का?"

"म्हणजे कसं, काकू?"

"माझ्याकडे त्याचं दुसरं काही नाही. चेहरा नाही, नाव नाही, एक झबलं नाही. सेहेचाळीस वर्षांचं हे दुखणं तेवढं आहे. तेही पुसलं तर मी त्याची कोण?"

त्यांनी माझा हात सोडला नाही. मागची माणसं बाजूने निघून गेली. "प्रभू उठले तेव्हा सगळं नवं होतं," ते हळूहळू म्हणाले, शब्द शोधत. "पण हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. ते बुजवले नव्हते. दुखत नव्हते बहुधा, पण होते. शिष्यांना ते त्यांनी स्वतःहून दाखवले. मला एवढंच माहीत आहे, काकू. तुमचं पाणी पुसतील, पण तुमचं काही काढून घेतील असं मला वाटत नाही."

घरी येताना मी ते व्रण मनात धरून चालले. खिळे म्हटलं की मला ते चार खिळे दिसत होते. नव्या पृथ्वीवर कुणी पेट्या ठोकणार नाही, खरं आहे. पण मला तो ज्या पृथ्वीवर सात तास होता तीच हवी होती. तो दवाखाना, ती खिडकी, ते ऊन. सगळं नवं झालं आणि ती खिडकीच नसली तर मी कुठे उभी राहून त्याची वाट पाहणार? देवाशी असलं बोलणं बरं नव्हे, पण मी बोलले. म्हटलं, नवं कर, पण मोडून करू नकोस. उसवून कर. जुनं कापड तेच ठेव.

गुरुवारी सकाळी उठले तर हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्चीत बसले होते. हातात छत्री काठीसारखी धरलेली. मी भराभर आवरलं. बसने गेलो.

मागच्या भिंतीपाशी आम्ही दोघं, पाळक, कचेरीतल्या एक बाई आणि खोदणारा माणूस, एवढेच होतो. बावीस घरांतून फक्त आमचंच आलं होतं. खोदणारा साठीचा, कानात कापसाचे बोळे घातलेला. प्रत्येक जागी त्याने चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली होती, केवढीशी चौकट! दोनशे बारावर तो आला तेव्हा त्याने फावडं ठेवून खुरपं घेतलं. माती काळी होती, ओली होती. हे म्हणाले होते तशीच. हाताएवढं खोल गेल्यावर तिचा रंग जरा बदलला आणि तो थांबला.

"बाई, एवढं लहान असलं की काही राहत नाही," तो म्हणाला. आवाज नको इतका मोठा, कानात बोळे होते म्हणून. "पण आम्ही तेवढ्या जागेची माती घेतो. सगळी घेतो. काही सोडत नाही."

त्याने ओंजळीओंजळीने ती माती एका नव्या लाकडी पेटीत भरली. पाळकांनी पवित्र शास्त्रातलं थोडं वाचलं, पेरलेल्या दाण्याबद्दल, जो मरतो आणि वेगळाच होऊन वर येतो. मी ऐकत नव्हते. मी माती बघत होते. ह्यातून उठवायचा म्हणजे देवालाही काम आहे, असं मनात आलं. आणि मग असंही आलं की पहिल्यांदा तरी त्याने कशातून केलं होतं? माणूस मातीचाच केला होता. त्याला ह्याची सवय आहे. पोटात माझ्या नऊ महिने तो कुणाला दिसत होता? मलाही नाही. जो बघत होता तो एकटाच बघत होता, आणि सकाळी नऊ ते दुपारी चारही तोच बघत होता. चेहरा कुणी पाहिला नाही असं नव्हतं तर. आम्ही पाहिला नाही, एवढंच.

खोदणाऱ्याने झाकण उचललं.

"थांबा," हे म्हणाले.

गुडघे धरून हे खाली बसले. मी आधार द्यायला पुढे झाले, पण ह्यांनी हात वर करून मला थोपवलं. पेटीवर वाकून हे बघत राहिले. कितीतरी वेळ. कचेरीतल्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मग नजर दुसरीकडे वळवली. ह्यांनी मातीला हात लावला नाही. नुसते बघत होते, आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी त्या मातीत पडत होतं, ते पुसायचंही ह्यांना सुचत नव्हतं. मग म्हणाले, "हं. लावा." आम्ही तिघांनी मिळून ह्यांना उठवलं.

मोठ्या झाडापाशी सगळ्या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, माती लोटली, प्रार्थना झाली. फाटकाबाहेर आल्यावर मी बसच्या थांब्याकडे वळले, तर हे उलट्या बाजूला तोंड करून उभे.

"चालत जाऊ या का?" हे म्हणाले.

"गुडघे?"

"जाऊ हळूहळू." आणि मग, रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तेव्हा चालतच आलो होतो. दवाखान्यापासून."

"एवढं लांब?"

"बसमध्ये लोक विचारतील असं वाटलं. रिक्षात बसलो तर लवकर पोचेन असं वाटलं. लवकर पोचायचं नव्हतं."

मी ह्यांचा दंड धरला. आम्ही निघालो. हे मधे मधे थांबायचे, दम घ्यायचे, आणि थांबलो की थोडं बोलायचे. सेहेचाळीस वर्षांत ह्यांनी एका वेळी एवढं बोललेलं मला आठवत नाही. पेटी जड नव्हती. एका हातातही मावली असती. पण ह्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, पोटाशी, आणि सगळ्या वाटेत एकदाही खाली ठेवली नव्हती. घाम डोळ्यांत जात होता तर तो पुसायला हात मोकळा नव्हता. ह्या इथे तेव्हा लाकडाची वखार होती. ह्या वळणावर कुत्रं मागे लागलं होतं. मी ऐकत होते. चेहऱ्याबद्दल एकही शब्द नव्हता, पण मला वाटलं, हे मला काहीतरी दाखवतायत.

चौकाच्या पलीकडे एका लांब भिंतीपाशी हे पुन्हा थांबले.

"इथे एक बाई झाडत होती," हे म्हणाले. "रस्ता झाडणारी. तिने विचारलं, एवढं जपून काय नेताय हो, काच आहे का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही. माझा मुलगा आहे."

ह्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी आजवर ऐकले नव्हते. आमच्या घरात ते कधी उच्चारलेच गेले नव्हते. एका झाडणाऱ्या बाईने ते ऐकले होते. मला तिचा हेवा वाटला, आणि ती कुठे असेल, असेल की नसेल, असंही वाटलं.

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्याबरोबर चालायला लागली. चौकापर्यंत आली." ह्यांनी छत्रीवर दोन्ही हात ठेवले. "चौकात म्हणाली, उन्हातून नका नेऊ त्याला. सावलीच्या बाजूने जा."

"आणि तुम्ही?"

"मी रस्ता ओलांडला. सावलीतून नेलं."

गाड्या येत-जात होत्या. समोर कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"कुठली बाजू?" मी विचारलं.

ह्यांनी छत्री उचलून दाखवली.